मागे समुद्र नसलेले ढीग

डबल म्हणजे मातीचे दोन ढीग. पहिल्यावरून मोटारसायकल उडवायची, मधला खड्डा हवेतून ओलांडायचा आणि दुसऱ्या ढिगाच्या पलीकडच्या उतारावर उतरायचं. एवढंच. या दोन ढिगांची मापं घ्यायला मुंबईहून माणूस येतो, त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं जातं, आणि ते ओलांडणारा माणूस त्या दिवशी कुणाशीही नीट बोलत नाही. मी ते ओलांडायला एक अख्खा हिवाळा घालवला. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते लिहायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते.

हा ट्रॅक आमच्या गावात, रेवदंड्याच्या खाडीला लागून आहे. तिथे पूर्वी आमची आणि शेजारच्या घरांची खारातली, म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली भातशेती होती. ती विकली गेली, रीतसर आणि राजीखुशीने. माझी तक्रार नाही. त्यातूनच माझी बी.एस्सी. झाली आणि बी.एड. झालं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. आज शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांची आठवण मनापासून ठेवते. शिकवतो त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, हे आईने मला शाळेच्या पहिल्या दिवशी दारातच सांगितलं होतं. म्हणून ट्रॅकवरच्या कोचबद्दल वाईट मत व्हायला मला इतका वेळ लागला. हुशार माणसाला पहिल्या शनिवारीच झालं असतं.

ट्रॅकवर येणारी मंडळी शनिवारी संध्याकाळी रो-रो बोटीतून मांडव्याला उतरतात. पुढे मोठी गाडी, मागे ट्रेलर, ट्रेलरवर मोटारसायकल. म्हणजे गाडीच गाडीत बसून हवापालटाला येते. अंगावर एवढं प्लास्टिक की पडले तर मातीला लागत असेल. बूट घालायला त्यांना माणूस लागतो. रात्री त्यांना पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, हवी असते. पोपटी थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की लावतात; हे लोक ती एप्रिलमध्ये मागतात आणि ट्रॅकवालेही त्यांना मडक्यात फ्रोझन मटार घालून ती देतात. ते खाऊन ते म्हणतात, काय टेस्ट आहे, एकदम ऑथेंटिक. एकाने मला विचारलं होतं, ही जमीन आधी अशीच पडीक होती का. मी म्हटलं, हो, अशीच. आम्ही तिच्यावर उगीच भात लावायचो. त्याने मान डोलावली.

ट्रॅकच्या फाटकावर पाटी आहे: स्थानिकांसाठी शनिवारी दुपारी प्रवेश मोफत. ज्या चिखलात मी गुडघाभर उभं राहून भाताच्या रोपांचं आवण लावलं, तिथे मी स्थानिक झाले ती अशी. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, आणि भर दुपारी उन्हात तिथे दुसरं कुणी येत नाही, म्हणून ती वेळ आम्हाला दिलेली. ट्रॅकच्या मालकीच्या दोन जुन्या गाड्या आम्ही आलटून पालटून चालवायचो: मी, मासळी वाहणारा एक टेम्पोवाला आणि गावातला केबलवाला. गाडी मला लहानपणापासून येते. अकरावी-बारावीला असताना मी बाबांच्या मोटारसायकलवरून एसटी थांब्यापर्यंत जायचे, तेव्हा लोक बघायचे. आता बघत नाहीत.

मला रविवार हवा होता. रविवारी सगळा ट्रॅक उघडतात. शनिवारी दोरी लावून बंद केलेली खाडीच्या बाजूची लांब वळणं रविवारी मोकळी असतात, आणि त्यातलं शेवटचं वळण आमच्या खाचराच्या जागेवरून जातं. तिथून मला एकदा पूर्ण वेगात जायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. पण नियम असा होता की ज्याला डबल ओलांडता येत नाही त्याला रविवारी घ्यायचं नाही, कारण मधेच पडलेल्या माणसावर मागून येणारा चढतो. नियम योग्य होता. त्या जागेवरची ती एकच योग्य गोष्ट.

कोच मुंबईचा, साधारण माझ्याच वयाचा. कधीतरी कुठल्याशा शर्यतीत तो तिसरा आला होता आणि त्यानंतर त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नसावं, कारण तो दर शनिवारी तेच सांगायचा. सगळ्यांना ‘ब्रो’ म्हणायचा, मला ‘मॅडम’. डबलच्या आधी तो टेबलवर शिकवायचा. टेबल म्हणजे तसलेच दोन ढीग, पण मधला खड्डा मातीने भरलेला. कमी पडलात तर सपाटीवर उतरता, हाड मोडत नाही.

टेबलवर मी दर वेळी कमी पडायचे. चढ नीट चढायचे, माथ्यावर यायचे आणि पुढचं चाक दगड बांधल्यासारखं खाली जायचं.

“मॅडम, माथ्यावर रेस सोडताय तुम्ही,” कोच म्हणाला.

“मी नाही सोडत, सर.”

“हात सोडतोय. मला दिसतंय ना. घाबरताय.”

“घाबरत नाही, सर.”

“मग हात का बंद होतो?”

टेम्पोवाल्याचं तेच व्हायचं, केबलवाल्याचंही तेच. कोचने आम्हा तिघांना उभं केलं आणि सांगितलं, “तुम्ही लोकल लोक सगळे सेम टू सेम. वर येईपर्यंत वाघ, वर आलात की हवा निघते. प्रॉब्लेम गाडीत नाय, इथे आहे.” असं म्हणून त्याने स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं. मग त्याने आम्हाला डोळे मिटून, आपण हवेत आहोत असं बघायला लावलं. दुपारचे दोन वाजलेले. हेल्मेट काखेत धरून आम्ही डोळे मिटून उभे. टेम्पोवाला पहाटे बंदरावर मासळी भरून आलेला. तो उभ्या उभ्या झोपला.

“दिसलं?” कोचने त्याला विचारलं.

“दिसलं,” टेम्पोवाला म्हणाला. “पापलेट होतं.”

मी मात्र प्रामाणिकपणे डोळे मिटायचे. घरी येऊन वहीत चढाचा कोन, वेग, खड्ड्याची रुंदी मांडायचे. गणित म्हणत होतं की माझा वेग पुरेसा आहे. गणितावर माझा विश्वास आहे, पण शिकवणाऱ्यावर जास्त. सर घाबरताय म्हणतात तर घाबरतच असणार, असं समजून एका शनिवारी मी भीती घालवायला म्हणून मोठ्या डबलकडे नेहमीपेक्षा जोरात गाडी नेली. माथ्यावर हात पुन्हा बंद झाला. वेग जास्त होता म्हणून चाक जास्त जोरात खाली गेलं आणि मी दोन ढिगांच्या मधल्या खड्ड्यात डाव्या बरगड्यांवर पडले.

त्या दिवशी मुंबईची मंडळी लवकर आलेली होती. त्यांच्यातला एकजण, पांढऱ्या बुटांचा, दोरीपाशी उभा राहून कोल्ड कॉफी पीत होता. मी खड्ड्यातून वर येत असताना तो कोचला म्हणाला, “लोकल्स को बच्चोंवाले ट्रॅक पे भेजो यार, ट्रॅक खराब हो रहा है.” माझी चौकशी त्याने केली नाही. ढिगाची केली.

घरी बाबा ओटीवर बसले होते. बाबांनी आधी खारात शेती केली आणि मग आयुष्यभर ट्रक चालवला. जगात नीट गाडी चालवणारा एकच माणूस जन्मला आणि तो आपण, असं त्यांचं मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही.

“काय गो बाय, आज पन पडलीस?”

“पडले.”

“बी.एड. केलीस ती मातीत तोंड घालायला?”

“शिकते आहे, बाबा.”

“कोनाकडनं? त्या पोराकडनं? त्याला एकदा वडखळच्या घाटात लोड गाडी घेऊन पाठव. पॅन्ट बदलून येल.” वडखळला घाट नाही. पण बाबा रागात असले की त्यांना कोणी दुरुस्त करत नाही.

बरगड्या दुखत होत्या म्हणून मला काही दिवस गाडी चालवता येईना. त्यात एका सकाळी बाबांच्या मागे बसून मी खाडीवर गेले. होड्या येतात तेव्हा कोलंबी तिथेच बरी मिळते. खाडीवर जायला खारबांध ओलांडावा लागतो. बांधाला दोन्ही बाजूंनी उतरत्या वाटा आहेत. बाबांनी खालून जोर घेतला, गाडी चढली, आणि माथा आला तसं त्यांचं मनगट पुढे फिरलं. इंजिन गप्प झालं. गाडी नुसती घरंगळत, झोपलेल्या पोराच्या अंगावरून पाय टाकावा तशी माथ्यावरून गेली आणि पलीकडे उतरल्यावर बाबांनी पुन्हा रेस दिली.

मी मागे वळून बघितलं. आमच्या मागून टेम्पोवाला त्याच्या मोटारसायकलवर येत होता. माथ्यावर त्याचंही इंजिन गप्प झालं. त्याच्या मागे सायकलवाला एक म्हातारा होता, तो तर खाली उतरून सायकल हाताने नेत होता.

हे मी जन्मापासून बघत आले होते. पण ते बघण्यासारखं आहे हे त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

खारबांध चिकणमातीचा असतो आणि त्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी असतं. उधाणाला पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत येतं. माथ्यावर चाक गरगरलं की चर पडतो. पुढच्या उधाणाला पाणी तोच चर शोधतं. एका रात्रीत बांध फुटून खांड पडते, खारं पाणी आत येतं आणि पुढची काही वर्षं त्या शेतात दाणा होत नाही. मी लहान असताना अशी खांड पडली होती. घराघरातली सगळी माणसं भरती यायच्या आत रांगेत उभी राहिली आणि हातोहात चिखलाची ढेकळं पुढे गेली. माझ्या आईच्या पुढे जी बाई उभी होती तिच्याशी आईचं वर्षभर बोलणं नव्हतं. ढेकूळ देता-घेता त्या बोलायला लागल्या. त्यानंतर ज्या पोराने बांधाच्या डोक्यावर सायकलचा ब्रेक करकचून दाबला त्याला दिसेल त्या मोठ्या माणसाने कान धरून खाली उतरवलं. आमच्याकडे गाडी शिकवताना क्लच, गिअर हे नंतर येतं. वर आलं की रेस सोड, हे आधी येतं.

“बाबा, तू वर आल्यावर रेस का सोडतोस?” मी विचारलं.

“मंग काय बांध खनू?”

“मी त्या ट्रॅकवर तेच करते. म्हणून पडते.”

बाबांनी गाडी थांबवली. त्यांना इतकं हसू आलं की पाय टेकावे लागले. “त्या ढिगाऱ्यावर?”

“हो.”

“त्याच्या मागं काय हाय?”

“खड्डा. मग दुसरा ढीग.”

“समुद्र हाय?”

“नाही.”

“मंग त्याला कशाला जपतेस? फोड त्याचं डोसकं.”

सांगणं सोपं होतं. मनगट ऐकेना. पुढचे दोन-तीन शनिवार मी टेबलवर नुसती एवढीच एक गोष्ट करत राहिले आणि माथ्यावर हात बंदच व्हायचा. डोक्याला कळलेलं हाताला कळायला वेळ लागतो, हे मी वर्गात रोज बघते. शेवटी मी विचार करणं सोडलं आणि त्या ढिगाचा अपमान करायला सुरुवात केली. चढाच्या पायथ्याशी आलं की मनात म्हणायचे: तुझ्यात कुणाच्या हातचं ढेकूळ नाही. तुला डंपरने ओतलंय. तू कुणाचं काहीही अडवून धरलेलं नाहीस. तू फुटलास तर कुणाचं भात मरणार नाही, फक्त एका पांढऱ्या बुटाच्या माणसाचा रविवार जाईल. हे सगळं मनातल्या मनात म्हणायला चढ पुरायचा नाही, म्हणून मग मी ते एका शब्दात आणलं. ढिगारा. बाबा म्हणतात त्याच तोंडाने.

एका शनिवारी माथ्यावर हात उघडा राहिला. मागचं चाक मातीत रुतून फिरलं, ढिगाचं डोकं खरवडत वर गेलं, आणि टेबल माझ्या खालून गेलं. मी लगेच वळून मोठ्या डबलकडे गेले, कारण थांबले असते तर पुन्हा चांगली मुलगी झाले असते. तेच केलं. खड्डा खालून गेला. दुसऱ्या ढिगाच्या उतारावर गाडी अशी उतरली की दातसुद्धा वाजले नाहीत. हवेत असताना आवाज कमी होतो आणि पोटात काहीतरी हलकं होतं. ते फार छान असतं. ते छान नसतं असं मी म्हणणार नाही. एवढा एक आनंद त्या ढिगांनी मला दिला, तो मी मान्य करते.

पुन्हा केलं, परत केलं. कोच टाळ्या वाजवत आला.

“बघितलं मॅडम? डर निकल गया.”

मी त्याला बांधाचं सांगितलं. खारबांध कुठे आहे, माथ्यावर रेस का सोडतात, खांड कशी पडते. मला वाटलं शिकवणाऱ्याला हे कळलं तर उपयोग होईल. इथे येणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याचा हात तिथेच बंद होणार होता.

“अच्छा,” तो विचार करून म्हणाला. “म्हणजे बचपन का ट्रॉमा.”

त्या क्षणी त्याच्याबद्दल माझं मत वाईट झालं आणि आईने सांगितलेलं मोडलं. टेम्पोवाल्याला मी शेंगदाणे खाता खाता बांधाचं सांगितलं. तो म्हणाला, “आयला, खरंच की,” आणि त्याच दुपारी टेबल ओलांडून आला.

मला रविवार मिळाला. सकाळभर मी त्या लांब वळणांवर फिरले. आमच्या खाचराच्या जागी आता मुरूम आहे आणि टायरांची रांग आहे. पण खाडीचा वारा त्याच बाजूने येतो. तिथून मी पूर्ण वेगात गेले. बाबा दोरीपाशी उभे होते. गाड्या जवळून जाताना एका पोरगेल्या सुपरवायझरने त्यांना “काका, पाठी व्हा” म्हटलं, तर ते म्हणाले, “मी हितं तू नव्हतास तवापासून उभा हाय,” आणि हलले नाहीत. जाताना मला म्हणाले, “बरी चालवतेस. तो पांढऱ्या बुटाचा बैलासारखा चालवतो.”

संध्याकाळी ड्रोन आला. कोच सगळ्यांना गोळा करून म्हणाला, “एक शेवटचा शॉट. मॅडमनी मस्त स्पॉट सांगितलाय. मातीचा बांध, पाठी पाणी, सनसेट. नॅचरल जंप.”

पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. उधाणाचे दिवस. मी बोलण्याआधीच गाड्या सुरू झाल्या होत्या. मला वाट माहीत होती, त्यांना नव्हती. मी पाणंदीने पुढे गेले, बांधाच्या वाटेवर चढले, माथ्यावर रेस सोडली आणि गाडी आडवी लावून इंजिन बंद केलं. पलीकडे पाणी बांधाच्या पायाशी आलेलं होतं आणि अजून चढत होतं, अलीकडे ज्यांनी विकली नाहीत त्यांची खाचरं होती. मागून पाच-सहा गाड्या येऊन खाली थांबल्या.

“मॅडम, साइड द्या.”

“इथून उडायचं नाही, सर.”

“अहो, मातीच तर आहे.”

“म्हणूनच.”

पांढऱ्या बुटाने हेल्मेट काढलं. “किससे बात करनी है, बोलो. सरपंच? मैं कर लेता हूँ.” या माणसाच्या जगात प्रत्येक गोष्टीच्या मागे कुणीतरी फोनवर बोलता येण्यासारखा माणूस असतो. याच्या मागे खाडी होती.

“कुणाशी बोलायचं नाही,” मी म्हटलं. “उडायचं नाही.”

“अरे छोडो,” कोच हसत त्याला म्हणाला. “मॅडम को फिर से डर लग गया.”

मी गाडीवरून उतरले नाही आणि त्याला दुरुस्तही केलं नाही. मुलांना मी एखादी गोष्ट चारदा समजावते, पाचव्यांदाही समजावते. पण त्यांना शिकायचं असतं. ते लोक थोडा वेळ इंजिनं घुरघुरवत उभे राहिले. सूर्य गेला. ड्रोनची बॅटरी संपली आणि तिच्याबरोबर त्यांचा निश्चयही संपला. पोपटी थंड होईल, असं कुणीतरी म्हणालं.

पुढच्या आठवड्यात कोचने सांगितलं, संडे बॅच फुल आहे. डबल ओलांडायचा नियम मी पाळलाय, मी म्हटलं. तो म्हणाला, स्किलचा नाय मॅडम, ॲटिट्यूडचा इश्यू आहे. ते मात्र त्याने बरोबर ओळखलं होतं.

रविवार मला हवा होता. अजूनही हवा आहे. त्या शेवटच्या वळणावरून मी एकच दिवस गेले आणि वर्गात पोरं गणित सोडवत असतात तेव्हा माझं मन कधीकधी तिथून फिरून येतं.

शनिवारी मी अजून जाते. पाटी तशीच आहे आणि स्थानिकांना प्रवेश तसाच मोफत आहे. डबलवरून जाताना माथ्यावर मी रेस आणखी थोडी पिळते, आणि मागच्या चाकाने त्या ढिगाच्या डोक्यावर चांगला खोल चर पडतो. मग टेम्पोवाला येतो आणि त्याच चरातून जातो. रविवारच्या आधी त्यांना माणूस लावून तो चर बुजवावा लागतो.